उडणारा फ्यूज काय सांगतो?

सांगलीतील आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक दिनदर्शिका टांगलेली असते. दुधाचा रतीब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, धोब्याकडे गेलेले कपडे, पाहुण्यांचे येणे-जाणे असे सारे काही सासूबाई तिच्यावर पेन्सिलीने टिपून ठेवतात. मामंजींची हळदीची अडत पेढी आहे. पेढीची कीर्द दिवाणजींकडे आणि घरची कीर्द सासूबाईंकडे, अशी आमच्याकडे नेहमीची थट्टा चालते. गेल्या पावसाळ्यात या घरच्या किर्दीत एक नवी नोंद दिसू लागली. ‘मायक्रोवेव्ह बंद. दूध उतू जात होते, दार ओढले.’ तीन आठवड्यांनी, ‘पुन्हा बंद. पापड. मधेच दार उघडले.’ त्यानंतर पंधरवड्याने, ‘पुन्हा बंद. नातवाने चालू असतानाच दार उघडले.’

तिन्ही वेळा जवळच्या दुकानातील मुलगा आला, आतला फ्यूज बदलला, पैसे घेतले आणि गेला. तिसऱ्या खेपेस मात्र तो म्हणाला, “आता पक्का इलाज केलाय, पुन्हा बोलवायला लागणार नाही.” हा पक्का इलाज कोणता, ते चौथ्या खेपेस कळले. जाऊबाईंनी भात गरम होत असतानाच दार उघडले आणि धाडकन आवाज झाला. जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर पसरला आणि स्वयंपाकघरातील दिवे गेले. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. पण नातू तेथेच ओट्याशेजारी स्टुलावर बसला होता. पुढचा तासभर जाऊबाईंच्या हाताचे थरथरणे थांबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामंजींच्या ओळखीचे एक वयस्क कारागीर आले. पेटीला हात लावण्यापूर्वी त्यांनी एकच प्रश्न केला, “फ्यूज नेमका केव्हा उडत होता?” सासूबाईंनी दाराआडची दिनदर्शिका काढून त्यांच्यापुढे धरली. तीन ओळी वाचून ते म्हणाले, “दाराची कळ बिघडली आहे.” मग त्यांनी पेटी उघडली. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली होती आणि दारामागची एक कळ वितळून चिकटून गेली होती.

त्या सकाळी त्यांनी जे समजावून सांगितले, आणि पुढे चौकशी करता जे कळत गेले, ते प्रत्येक घरातील कर्त्या माणसांस ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फ्यूजचे काम

फ्यूज म्हणजे वितळतार. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह वाहू लागला की ही बारीक तार तापून वितळते आणि प्रवाहाचा मार्ग तुटतो. स्वतः जळून बाकीचे वाचवणे, एवढेच तिचे काम. जुन्या वाड्यांत राहिलेल्या मंडळींना चिनी मातीचे पांढरे फ्यूज आठवत असतील. दिवे गेले की मेणबत्ती, पेचकस आणि तारेचे रीळ घेऊन घरातील कोणीतरी फळीपाशी उभे राही. आता घराच्या फळीवर त्यांची जागा एमसीबीने घेतली आहे. पण मायक्रोवेव्हच्या पोटात अजूनही फ्यूजच असतो. बोटाच्या पेराएवढी, बहुधा पांढऱ्या चिनी मातीची ती नळी असते. मोठ्या प्रवाहाची ठिणगी आतल्या आत विझावी म्हणून अशा नळीत बारीक वाळू भरलेली असते. तिची क्षमता साधारणपणे ८ ते १२ अँपिअर असते आणि नेमका आकडा तिच्या धातूच्या टोपणावर कोरलेला असतो.

आता थोडा हिशेब मांडून पाहू. पेटीच्या मागील पट्टीवर ‘इनपुट १२०० वॅट’ असे छापलेले असेल, तर २३० व्होल्टवर ती पेटी ५ अँपिअरपेक्षा किंचित अधिक प्रवाह घेते. म्हणजे १० अँपिअरच्या फ्यूजला रोजच्या कामात भरपूर मोकळीक उरते. दूध तापवले, भात गरम केला, एवढ्याने तो उडण्याचे कारण नाही. उडाला, तर कोठेतरी फार मोठा प्रवाह भलत्या वाटेने गेला, असे समजावे.

एक अपवाद आहे. पेटी सुरू होताना क्षणभर प्रवाहाची मोठी उसळी येते. वर्षानुवर्षे असे धक्के खाऊन फ्यूजची तार थकते आणि एखाद्या दिवशी विनाकारण तुटते. तसे असल्यास त्याच क्षमतेचा नवा फ्यूज पुढे वर्षानुवर्षे टिकतो. रोजमेळात एखादे दिवशी दोन रुपयांचा फरक आला तर आपण तो सोडून देतो. तोच फरक आठवड्याला येऊ लागला, तर दिवा लावून सारी पाने तपासतो. फ्यूजच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. काही आठवड्यांत दुसऱ्यांदा उडाला, की कारण शोधल्यावाचून तिसरा बसवू नये.

प्रथम हे पाहावे

‘फ्यूज उडाला’ असे आपण सरसकट म्हणतो, पण बंद पडण्याचे प्रकार निरनिराळे आहेत. म्हणून मायक्रोवेव्हचा प्लग काढून त्याच सॉकेटवर दुसरे एखादे छोटे उपकरण लावून पाहावे.

ते चालले नाही आणि फळीवरील एमसीबी खाली पडलेला दिसला, तर आधी त्या वेळी आणखी काय काय चालू होते ते आठवावे. इस्त्री, पाण्याची किटली आणि मायक्रोवेव्ह एकाच वाटेवर असतील, तर दोष पेटीचा नसून एकत्र भाराचा असू शकतो. बाकी सारे बंद ठेवूनही मायक्रोवेव्ह लावताच एमसीबी पडत असेल, तर दोष पेटीत आहे. एमसीबीऐवजी गळती ओळखणारा आरसीसीबी पडत असेल, तर अधिक सावध व्हावे. वीज पेटीच्या धातूच्या अंगावर उतरत आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. अशी पेटी तपासून घेईपर्यंत वापरूच नये.

सॉकेट ठीक आहे, पण पेटीचा दिवा, आकडे, आवाज सारेच बंद आहे, तर आतला फ्यूज उडाल्याची शक्यता मोठी. मात्र अर्ध्या तासाने ती आपोआप जागी झाली, तर तो फ्यूज नव्हे. आत अति उष्णतेने तुटणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळणारी एक सुरक्षा-कळ असते, तिचा तो परिणाम असतो. अशा वेळी हवेच्या जाळ्या कचऱ्याने किंवा भिंतीने बंद झाल्या आहेत का, पंखा फिरतो का, हे तपासून घ्यावे. आणि दिवा लागतो, ताटली फिरते, पण अन्न गार ते गारच राहते, हा बिघाड आणखी निराळा आहे. त्याचा या फ्यूजशी संबंध नाही.

क्षण लिहून ठेवावा

फ्यूज वारंवार उडत असेल, तर कारागिराला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे तो उडण्याचा क्षण. हा क्षण घरातील माणसानेच पाहिलेला असतो. कारागीर येतो तेव्हा पेटी गप्प असते.

प्लग लावताच, काही सुरू न करताच फ्यूज गेला, तर दोष अगदी प्रवेशद्वाराशी असतो. वायर कोठेतरी चेपली असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा विजेच्या प्रवेशापाशी बसवलेली छोटी पट्टी जळाली असेल. गोदाम किंवा दुकान खाली आणि घर वर, अशी जिथे रचना आहे, तिथे उंदरांची शंका पहिली घ्यावी. मुंग्या-झुरळांचीही तीच गोष्ट. पेटीच्या आतील उबदार जागा त्यांना आवडते, आणि विजेच्या पट्टीवर ते अडकले की जोडण्या एकमेकींना भिडतात. सांडलेले कण आणि पाकाचे थेंब रोजच्या रोज पुसले, तर ते जीव तिकडे येतच नाहीत. औषध फवारण्याची वेळच येऊ न देणे हे आपल्या घरांना अधिक मानवणारे आहे.

सुरू करण्याचे बटण दाबताच, किंवा दोन-चार सेकंदांत, जोराच्या घुमण्याबरोबर फ्यूज गेला, तर दोष उच्च दाबाच्या भागात असतो. मायक्रोवेव्हमध्ये एक मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरातील २३० व्होल्टचे सुमारे २००० व्होल्ट करतो. कपॅसिटर आणि डायोड ही जोडी तोच दाब जवळजवळ दुप्पट करते, आणि सुमारे ४००० व्होल्टवर मॅग्नेट्रॉन नावाची नळी चालते. अन्न तापवणाऱ्या लहरी तीच निर्माण करते. यांपैकी कपॅसिटर किंवा डायोड आतल्या आत फुटून जोडला गेला, मॅग्नेट्रॉन बिघडला, किंवा ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे जळाले, की प्रवाह एकदम वाढतो. नव्या काही पेट्यांत ट्रान्सफॉर्मरऐवजी इन्व्हर्टरची पट्टी असते, तिथे तीच संशयित ठरते.

पहिली पाच-दहा मिनिटे नीट चालून मग फ्यूज गेला, तर तापल्यावर प्रकट होणारा दोष समजावा. ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरील आवरण जुने झाले, की थंड असताना ते टिकते आणि तापले की साथ सोडते. असा दोष एका मिनिटाच्या चाचणीत सापडत नाही. म्हणून ‘दहा मिनिटांनी जातो’ हे कारागिराला आवर्जून सांगावे.

आणि चौथा क्षण म्हणजे दार उघडताना किंवा लावताना. आमच्या घरी घडले ते हेच.

दाराच्या तीन कळा

दार उघडे असताना मायक्रोवेव्ह कधीही चालता कामा नये. त्याच्या लहरी पाण्याने भरलेल्या कोणत्याही वस्तूला तापवतात. हात आणि डोळे त्यांना भाजीहून वेगळे नाहीत. डोळ्याच्या भिंगाला तर रक्ताचा पुरवठाच नसतो, त्यामुळे तिथली उष्णता सहज निघून जात नाही. म्हणून दाराच्या मागे सामान्यतः तीन छोट्या कळा बसवलेल्या असतात. दार उघडताच पहिल्या दोन कळा विजेच्या वाटा तोडतात. तिसरी कळ या दोघींवर लक्ष ठेवते. दार उघडल्यावरही पहिली कळ चिकटून राहिली आणि वीज आत जातच राहिली, तर ही तिसरी कळ मुद्दाम विजेच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडते आणि फ्यूज उडवते. म्हणजे हा फ्यूज रचनेनेच उडवला जातो, पेटी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून.

या कळांची क्रमवारी फार महत्त्वाची असते. आधी पहिल्या दोघींनी वाट तोडायची, मग तिसरीने जोडायची. दाराचे बिजागर सैल पडले, कडीचे टोक झिजले, की हा क्रम बिघडतो. तिसरी कळ घाई करते आणि पेटी चालू असताना दार उघडले की फ्यूज जातो. आमच्या दाराच्या मुठीला ओला पंचा वाळत घालण्याची सवय होती. मुलेही तिला लोंबकळत. शिवाय दूध उतू जाताना किंवा पापड करपू लागताच आपण सारेच बटण न दाबता दार ओढतो. तेव्हा दाराच्या कळेला पूर्ण प्रवाह एकटीने तोडावा लागतो. प्रत्येक वेळी तिच्या टोकांवर ठिणगी पडते, टोके झिजतात, आणि एक दिवस ती चिकटतात. सासूबाईंच्या तिन्ही नोंदींत ‘चालू असताना दार’ होते. ते तीन शब्द निदानाला पुरे होते.

जाड तारेचा पक्का इलाज

फ्यूजच्या जागी जाड तार बसवल्याने आमच्याकडे काय झाले? कळ चिकटली, दार उघडले, तिसऱ्या कळेने नेमाप्रमाणे तारा जोडल्या. पण तुटायला फ्यूजच उरला नव्हता. सारा प्रवाह त्या कळेतून आणि आतील बारीक तारांमधून गेला, त्यांचे प्लॅस्टिक जळाले, आणि अखेर घराच्या एमसीबीने तो थांबवला. एमसीबी नसता किंवा तोही बिघडलेला असता, तर आग लागण्यास वेळ लागला नसता. तिसरी कळच जळाल्यामुळे दाराचा पहाराही संपला होता. वरून पाहता पेटी धडधाकट दिसत होती, हे त्यातले सर्वांत वाईट.

क्षमतेने मोठा फ्यूज बसवणे हाही तोच प्रकार, फक्त कमी उघड. १० अँपिअरच्या जागी १०च. चिनी मातीच्या नळीच्या जागी काचेची नळीही नको, कारण मोठा प्रवाह तुटताना ती फुटू शकते. जुना फ्यूज दुकानात घेऊन जावे आणि टोपणावरील आकडा व लांबी जुळवून तसाच आणावा. बाजारात फ्यूजएवढी स्वस्त वस्तू क्वचितच असेल. तिच्यावर पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

पेटी घरी उघडू नये

आमच्या दिरांना यंत्रे उघडण्याची आवड आहे. प्लग काढला की सारे सुरक्षित, अशी त्यांची समजूत होती. कारागिरांनी त्यांना दोन पावले मागे उभे केले. वर सांगितलेला कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. प्लग काढल्यावर त्याच्या आतील एक रोधक ती वीज हळूहळू संपवतो, पण तो रोधक तुटलेला असेल, तर साठा तसाच राहतो. हजारो व्होल्टचा तो साठा हाताला लागला, तर माणूस दगावू शकतो. दूरदर्शन संच किंवा मिक्सर दुरुस्त करणाऱ्या अनुभवी हातांनाही मायक्रोवेव्हने दगा दिला आहे. म्हणून झाकणाचे स्क्रू घरी काढूच नयेत. महाजालावर दाखवलेली कृती पाहून तर मुळीच नाही. निरीक्षण आपले आणि हात कारागिराचे, अशी वाटणी करावी.

ही पेटी साधी तापणारी शेगडी नव्हे, हे तिच्या जन्मकथेवरूनही ध्यानात येते. मॅग्नेट्रॉन दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी वापरला गेला. १९४५ मध्ये अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी त्याच्या लहरींनी अन्न शिजवण्याचे पेटंट मागितले. १९४७ मध्ये आलेली पहिली पेटी माणसाच्या उंचीची आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. आज ती ओट्यावर मावते, पण आतील दाब अजूनही हजारो व्होल्टचाच आहे.

कारागीर आला की

व्यवहारात आपण मालाची पारख करूनच पैसे देतो. इथेही चार गोष्टी विचाराव्यात. फ्यूज कशामुळे उडाला, हे त्याने शब्दांत सांगितले पाहिजे. ‘फ्यूज गेला होता, बदलला’ हे उत्तर नव्हे. कोणता भाग बदलला, तो जुना भाग आपल्या हाती द्यावा. दाराची एक कळ बिघडली असेल, तर तिन्ही कळा एकदम बदलून घ्याव्यात, कारण त्यांनी सारखेच धक्के खाल्लेले असतात. आणि दाराचे काम झाल्यावर लहरींची गळती मापकाने तपासायला सांगावी. दारापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. दुरुस्ती झाली की भांड्यात पाणी ठेवून, आपल्यासमोर दहा मिनिटे पेटी चालवून दाखवावी.

मॅग्नेट्रॉन किंवा ट्रान्सफॉर्मर गेला असेल आणि पेटी जुनी असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि नव्या पेटीची किंमत दोन्ही समोर मांडून निर्णय घ्यावा. दाराच्या कळा आणि फ्यूज एवढाच दोष असेल, तर मात्र पेटी टाकून देण्याचे कारण नाही. आमची तीच पेटी अजून चालते आहे.

घरच्यांसाठी थोडे नेम

आधी थांबवण्याचे बटण, मग दार. हा पहिला नेम मुलांनाही शिकवावा. मुठीला काही टांगू नये. पेटी रिकामी चालवू नये. पापडासारखी कोरडी वस्तू ठेवली, तर वेळ मोजकी ठेवावी, कारण शोषून घ्यायला पाणीच नसले की लहरी परतून मॅग्नेट्रॉनला तापवतात. मोठ्या तीन पिनांच्या १६ अँपिअर सॉकेटवरच, अर्थिंग असलेल्या जोडणीवर ती लावावी. लांबवलेली वायर किंवा बहुछिद्री पट्टी वापरू नये. घरच्या बॅटरीवरील छोट्या इन्व्हर्टरवर ती चालवू नये. मागे आणि वर हवा खेळण्यास जागा ठेवावी.

आणि शेवटचा नेम सासूबाईंचा. पेटी बंद पडली, तर तारीख, आत काय होते आणि नेमके काय करताना बंद पडली, एवढे लिहून ठेवावे. दिवाळीनंतर आमच्या दिनदर्शिकेवर मायक्रोवेव्हची एकच नोंद आहे. ‘मायक्रोवेव्ह दुरुस्त. तीन कळा, एक फ्यूज १० अँपिअर. जुने भाग डब्यात ठेवले आहेत.’ त्या डब्यात तांब्याची ती जाड तारही आहे. घरात कोणी ‘पक्का इलाज’ असा शब्द काढला, की सासूबाई तो डबा पुढे सरकवतात.